माती शिकता शिकता माणूस बदलतो, हे खरे की मनाचे समाधान?

जमाखर्च यांचा प्रश्न

नमस्कार. मी गेली २१ वर्षे अंतर्गत लेखापरीक्षणाचे काम करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच पगार घेते. चार महिन्यांपूर्वी पुण्यातल्या एका लहान स्टुडिओत दर शनिवारी चाकावरचे काम शिकायला जाऊ लागले. पहिले सहा शनिवार आमच्या बाईंनी एकही भांडे ठेवू दिले नाही. वाडगा उतरला की तो तारेने उभा कापायचा, तळापासून काठापर्यंत भिंतीची जाडी पाहायची आणि माती पुन्हा मळायला टाकायची. पहिला वाडगा कापताना मला रडू यायचेच बाकी होते. सहाव्या शनिवारी मात्र तार बाईंच्या हातून मीच मागून घेतली, कारण तळाशी माती जाड राहिली आहे असा मला संशय होता आणि तो खरा निघाला.

परवा मुलगा म्हणाला, "आई, हल्ली तू माझी वाक्यं मध्येच दुरुस्त करत नाहीस." हे माझ्या लक्षातही आले नव्हते. हा बदल मातीमुळे झाला, की दोन तास हात चिखलात असल्याने फोन उचलता येत नाही एवढ्यामुळेच? तो टिकतो का? आणि नोकरी सोडून घरीच चाक आणि भट्टी घ्यावी, असे अलीकडे सारखे मनात येते. ज्यांनी हे काम बरीच वर्षे केले आहे त्यांनी भीड न ठेवता सांगावे.

लालमाती यांचे उत्तर

फोनचा वाटा आहेच, पण फोन पोहतानाही उचलता येत नाही, आणि पोहून आलेली माणसे दुसऱ्यांची वाक्ये दुरुस्त करतच असतात. मातीचे वेगळेपण असे, की तुम्ही तिच्याशी जसे वागलात ते ती लक्षात ठेवते आणि फार उशिरा सांगते. ओली थाळी फळीवरून उचलताना जरा वाकली आणि तुम्ही ती लगेच सपाट केली, तरी भट्टीतून ती पुष्कळदा त्याच बाजूला वाकून बाहेर येते. चाकावर तळ नीट दाबला नाही किंवा आत पाणी साचू दिले, तर सुकताना किंवा पहिल्या भाजणीनंतर तळाला एस आकाराची चीर दिसते, आणि तोवर दोन-तीन आठवडे उलटलेले असतात. तेव्हा बोट कोणाकडे दाखवणार? माती आपणच मळली, तळ आपणच ओढला, सुकवायची घाईही आपलीच.

म्हणूनच तुमची चूक शोधणारी नजर गेली असे मला वाटत नाही, आणि ती जाऊही नये. तिला आरोपीची गरज उरली नाही, इतकेच झाले असावे. मी १८ वर्षे हे काम करते आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी हिशेबाची सवय असलेली माणसे भाजणीची वही उत्तम ठेवतात. किती वाजता किती तापमान होते, भांडे कुठल्या फळीवर होते, हे त्यात असते. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झची रचना बदलते आणि ती एकदम प्रसरण पावते. भट्टी निवताना तेच उलट घडते. त्या टप्प्यात उत्सुकतेपोटी दार उघडणाऱ्याची भांडी तडकतात. मी उघडले आहे, दोनदा.

कुंभारआळी यांचे उत्तर

ताईंचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून थोडे कडू लिहितो. आमच्या घरी चाक होते, पण त्यातून स्वतःत बदल घडवावा असे कोणाच्या मनात आले नसावे. संक्रांतीची सुगडे आणि अक्षय्य तृतीयेच्या करा-केळी वेळेत झाल्या नाहीत तर वर्ष अंगावर यायचे. आजोबा चाकावर मातीचा एकच मोठा गोळा ठेवत आणि त्याच्या माथ्यावरून सुगडामागून सुगड दोऱ्याने कापून उतरवत. तेवढ्यात शेजाऱ्याशी पावसापाण्याच्या गप्पाही चालत. आवा (मडकी भाजायची गावठी भट्टी) उघडला की प्रत्येक मडके बोटाच्या पेराने वाजवायचे. बद्द आवाज आला की बाजूला. (गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटण्याने तपासली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, अशी कथा आहे. थापटणे हे खरे तर ओले मडके ठोकून वाढवण्याचे हत्यार. भाजलेले वाजवायला पेर पुरते.)

मी स्वतः अभियंता झालो आणि चाळिशीत चाकावर बसलो, तर साधा गोळा मध्यावर येईना. आजोबांना विचारावे तर ते नव्हते. तेव्हा काय बदलले म्हणाल, तर बाजारात सुगडांचा भाव करणे मी थांबवले. याहून मोठा बदल मला सांगता येणार नाही.

ओलाफडका यांचे उत्तर

नोकरीबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. गुरचरण सिंग हे भूगर्भशास्त्र शिकलेले गृहस्थ १९१९ मध्ये जपानला मातीकाम शिकायला गेले. दिल्लीतली त्यांची 'दिल्ली ब्लू' पॉटरी उभी राहिली १९५२ मध्ये. मधली ३३ वर्षे पाहता तुमच्या चार महिन्यांनी राजीनामा मागू नये. चाक हवे तर जरूर घ्या, भट्टीची घाई नको. भांडी भाजून देणारा स्टुडिओ शोधा. स्टोनवेअरची, म्हणजे दगडासारख्या टणक भांड्यांची, भाजणी १२०० अंशांच्या वर जाते आणि तेवढ्या क्षमतेच्या विजेच्या भट्टीला बहुधा थ्री फेज जोडणी लागते, जी सदनिकेत सहजी मिळत नाही.

आणि एक गोष्ट शनिवारच्या वर्गात क्वचितच सांगतात: सुकलेल्या मातीची धूळ केरसुणीने कधीही झाडू नका. त्यातली सिलिका फुप्फुसात साठते. ओल्या फडक्यानेच पुसा.

जमाखर्च यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे आभार. राजीनाम्याचा मसुदा फोनमध्ये होता, तो पुसला. भाजणीची वही मात्र आजच केली. सवयीने समासात लाल पेनाने 'जबाबदार व्यक्ती' असा रकाना आखला गेला. तो खोडलेला नाही, कारण त्यात दर वेळी एकच नाव येणार आहे. कुंभारआळी, काल रात्री माझा पहिला भाजलेला वाडगा पेराने वाजवून पाहिला. आवाज बद्द आला.