एचआयव्हीचे प्रोटिएजरोधक करोनावर का चालले नाहीत?

पर्वतीवाचक

नमस्कार. माझी मुलगी पुण्यातच सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्या एका प्रश्नाचे उत्तर मला, म्हणजे एका निवृत्त स्थापत्य अभियंत्याला, देता आलेले नाही. एचआयव्ही काय किंवा करोना काय, दोन्ही विषाणू आपली बरीचशी प्रथिने आधी एकाच लांब साखळीत तयार करतात आणि मग प्रोटिएज नावाच्या विकराकडून (एन्झाइमकडून) तिचे तुकडे करून घेतात. असे असताना २०२० मध्ये लोपिनाविर-रिटोनाविर ही एचआयव्हीची जोडगोळी करोनाच्या रुग्णांना देऊनही उपयोग झाला नाही. पुढे करोनावर पॅक्सलोव्हिड ही गोळी आली, तर त्यातही रिटोनाविर आहेच. जे एकदा चालले नाही, ते पुन्हा कशासाठी घेतले?

पाषाणचा रसायनी

प्रोटिएज हे आडनावासारखे आहे. पुण्यात जोशी पुष्कळ, म्हणून ते सगळे एका घरातले नव्हेत. एचआयव्हीच्या विकरात कापण्याचे काम ॲस्पार्टिक आम्लांची जोडी पाण्याच्या रेणूच्या मदतीने करते. करोनाच्या मुख्य प्रोटिएजमध्ये ते काम १४५ व्या स्थानावरील सिस्टीन आणि ४१ व्या स्थानावरील हिस्टिडिन ही अमिनो आम्ले करतात, आणि तेथे सिस्टीनमधील गंधकाचा अणू साखळीवर स्वतःच हल्ला चढवतो. लोपिनाविर पहिल्या प्रकारच्या विकरासाठी घडवलेले होते. काचपात्रात त्याचा करोनावर थोडा परिणाम दिसला खरा, परंतु त्यासाठी लागणारी मात्रा रुग्णाच्या रक्तात टिकवणे शक्य नव्हते. ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत सुमारे १६०० रुग्णांना ही जोडी देण्यात आली, तरी २८ दिवसांतील मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही.

करोनाच्या या विकराची एक सवय मात्र औषध घडवणाऱ्याच्या फार कामाची ठरली. ते साखळीला ११ ठिकाणी कापते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ग्लुटामिन या अमिनो आम्लानंतरच कापते. अशी सवय असलेले विकर माणसाच्या शरीरात आढळलेले नाही. त्यामुळे ग्लुटामिनची नक्कल करणारे लॅक्टम वलय रेणूत बसवले, तर तो विषाणूचे विकर अडवतो आणि आपल्या विकरांच्या वाटेला सहसा जात नाही. पॅक्सलोव्हिडमधील मुख्य औषध निर्माट्रेलविर, त्यात हे वलय आहेच; शिवाय त्यात नायट्राइल गट आहे, त्याच्याशी सिस्टीनचा गंधक बंध जोडतो आणि विकर अडकून पडते. हा बंध सुटू शकणारा आहे. कुलूप-किल्लीचे नेहमीचे उदाहरण मला म्हणूनच येथे अपुरे वाटते, कारण किल्ली कुलपाशी रासायनिक बंध जोडत नाही.

निर्माट्रेलविर प्रयोगशाळेत प्रथम तयार झाले जुलै २०२० मध्ये आणि अमेरिकेत त्याला आपत्कालीन परवानगी मिळाली २२ डिसेंबर २०२१ रोजी. हा वेग थक्क करणारा आहे, परंतु त्यामागे २००३ च्या सार्स साथीच्या वेळचे काम होते. तेव्हाचा रेणू शिरेतूनच द्यावा लागला असता. साथ ओसरली आणि तो फडताळात गेला. त्याच धाग्यावरून पुढे गोळीच्या रूपात घेता येईल असा रेणू घडवला गेला.

थोडे विषयांतर: टाळेबंदीच्या काळात हळदीतील कर्क्युमिन संगणकाच्या पडद्यावर या विकराच्या खाचेत बसवून दाखवणारे लेख ढिगाने आले. पडद्यावर बसलेला रेणू परीक्षानळीत बसेलच असे नाही, आणि परीक्षानळीत बसलेला रुग्णाला बरे करीलच असेही नाही.

औंधची डॉक्टर

रिटोनाविरबद्दल मी लिहिते. पॅक्सलोव्हिडमध्ये ते विषाणूला अडवण्यासाठी नाहीच. आपल्या यकृतातील सीवायपी३ए४ हे विकर निर्माट्रेलविरची झपाट्याने विल्हेवाट लावते. रिटोनाविर त्या यकृतातल्या विकराला रोखून धरते, म्हणून मुख्य औषध रक्तात पुरेसे टिकते. ३०० मिलिग्रॅम निर्माट्रेलविर आणि १०० मिलिग्रॅम रिटोनाविर, दिवसातून दोनदा, पाच दिवस, अशी नेहमीची मात्रा आहे. अडचण अशी की तेच विकर इतरही अनेक औषधांचा निचरा करते, त्यामुळे कोलेस्टेरॉलवरील सिमवास्टॅटिन चालू असलेल्याला ही गोळी तशीच देता येत नाही. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन याच्या उलट वागते. ते यकृताची विकरे वाढवून औषधाची पातळी पाडते, म्हणून क्षयरोगाचे औषध चालू आहे का, हे आपल्याकडे आधी विचारावे लागते. लस न घेतलेल्या, जोखमीच्या रुग्णांना लक्षणे दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध दिले, तेव्हा रुग्णालयात दाखल होणे किंवा मृत्यू यांचे प्रमाण चाचणीत ८९ टक्क्यांनी घटले. सर्वसाधारण जोखमीच्या रुग्णांत मात्र लक्षणे लवकर ओसरल्याचे सिद्ध झाले नाही.

पर्वतीवाचक

दोघांचेही आभार. मुलगी विचारते की करोनाला दुसरेही एक प्रोटिएज आहे, त्यावर औषध का नाही, आणि विषाणू या गोळीला दाद देईनासा होईल का?

पाषाणचा रसायनी

दुसऱ्याची, म्हणजे पपेनसदृश प्रोटिएजची, खाच अरुंद आहे आणि आपल्या शरीरातील, इतर प्रथिनांना जोडलेले युबिक्विटिन हे छोटे प्रथिन काढणाऱ्या विकरांशी त्याचे साम्य आहे, त्यामुळे नेमका रेणू घडवणे कठीण जाते. प्रतिकाराचे म्हणाल, तर मुख्य प्रोटिएजमध्ये १६६ व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की निर्माट्रेलविरची पकड पुष्कळ सैल होते. या बदलाने विषाणू स्वतःही दुबळा होतो; परंतु ५० व्या स्थानी ल्युसिनऐवजी फेनिलॲलनिन आले की तो दुबळेपणा बराचसा भरून निघतो, हे प्रयोगशाळेत दिसले आहे.