मदत हवी आहे : फ्रेड टेलरच्या कणखरपणाबद्दल

नमस्कार. अमेरिकन फुटबॉलची जाण असलेल्या सदस्यांकडून एका गोष्टीबाबत मार्गदर्शन हवे आहे. जॅक्सनव्हिल जॅग्वार्स संघाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) फ्रेड टेलर १९९८ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) नवव्या क्रमांकावर निवडला गेला आणि पहिल्याच हंगामात त्याने धावून मिळवलेल्या हजार यार्डांचा टप्पा ओलांडला. परंतु पुढे दुखापतींनी त्याचा पिच्छा पुरवला, २००१ मध्ये जांघेच्या दुखापतीमुळे तो अवघे दोन सामने खेळू शकला, आणि 'नाजूक फ्रेड' अशा अर्थाचे टोपणनाव त्याला कायमचे चिकटले.

मला हे अन्यायाचे वाटते. जानेवारी २००० मध्ये मायामीविरुद्धच्या बाद फेरीत बचावफळी भेदून त्याने मारलेली ९० यार्डांची धाव ज्याने पाहिली असेल, त्याला हा माणूस कच्च्या दिलाचा वाटणार नाही. शिवाय २००२ आणि २००३ या दोन्ही हंगामांत तो सर्वच्या सर्व १६ सामने खेळला आणि निवृत्तीपर्यंत त्याच्या नावावर ११,६९५ यार्ड जमा झाले.

माझा प्रश्न असा की, स्नायू फाटल्यामुळे बाहेर बसावे लागणे आणि धडका खाण्याची तयारी नसणे यांतला फरक प्रशिक्षक व निवडकर्ते प्रत्यक्षात कशावरून ओळखतात? ब्लॉकिंग (प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवणे) करताना तो अंग चोरत असे का, किंवा धडकेनंतरही किती यार्ड मिळवत असे, हे ज्यांनी त्याचे जुने सामने बारकाईने पाहिले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.