‘फ्लीट सेगमेंट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: मत्स्यव्यवसायावरचा एक अहवाल मराठीत आणते आहे. ‘फ्लीट सेगमेंट’ला ‘ताफ्याचा विभाग’ लिहिलं, पण ‘विभाग’ म्हटलं की कोकण विभाग, पुणे विभाग असंच डोळ्यांपुढे येतं. इथे बोटींना कोणती मासळी किती मिळते त्यावरून गट पाडलेत. नेमका शब्द सुचवाल का?

प्रतिसाद: ‘नौकागट’ घ्या. पण किनाऱ्यावर बोट ओळखतात ती जाळ्यावरून. डोल म्हटली की बोंबील, जवळा, मांदेली. पर्ससीन, म्हणजे थव्याला वेढा घालणारं जाळं, म्हटली की बांगडा, तारली. जाळं कळलं की मासळी कळली, मग मासळीवरून वेगळे गट कशाला?

दुसरा प्रतिसाद: डोलीपुरतं पटतं. ती एका जागी बांधलेली असते, भरती-ओहोटीचा प्रवाह आणेल ते तिच्यात शिरतं. जाळं ओढत फिरणाऱ्या ट्रॉलरचं तसं नाही. तोच ट्रॉलर एका खेपेला कोळंबीमागे असतो, तर दुसऱ्या खेपेला माकुळ आणि राणीमासा घेऊन येतो. परवान्यावर दोन्ही वेळा ट्रॉलरच! ताण कोणत्या मासळीवर पडतोय हे परवान्यावरून कळत नाही, म्हणून प्रत्येक खेपेतली जातवार टक्केवारी काढून सारख्या खेपा एकत्र करतात.

युरोपीय संघाच्या नोंदींत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. बोटीचं मासेमारीचं मुख्य साधन (जाळं वगैरे) आणि लांबी यांवरून ठरतो तो ‘फ्लीट सेगमेंट’. सारख्या खेपांच्या गटाला ‘मेतिए’ म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ धंदा, कसब. तेव्हा अहवालात गट बोटींचे आहेत की खेपांचे, ते आधी पाहा. बोटींचे असतील तर ‘नौकागट’, खेपांचे असतील तर ‘मासेमारीचा प्रकार’. दोन्हींना एकच शब्द लावलात तर वाचणारा फसेल.

आणि टक्केवारी वजनाची की किमतीची, तेही लिहाच. जवळा वजनात भरतो, पापलेट पैशांत. माप बदललं की तीच बोट दुसऱ्या गटात जाऊ शकते.

प्रश्नकर्ती: गट बोटींचेच आहेत, वर्षभराच्या पकडीवरून, वजनाने. मग ‘पकडीनुसार नौकागट’ लिहिते. ‘कॅच’ला ‘पकड’ ठेवू की ‘आवक’?

दुसरा प्रतिसाद: ‘पकड’च ठेवा. आवक म्हणजे बंदरात उतरलेली मासळी. समुद्रातच परत टाकलेली बारीक मासळी तिच्यात धरली जात नाही.