एकाच जिल्ह्यात मास्कचा वापर इतका वेगळा का होता?

करवीरकर
शासनाचा आदेश एकच असूनही करोनाकाळात कोल्हापूर शहरातील लक्ष्मीपुरी या बाजारपेठेतील दुकानदार मास्कशिवाय पायरी चढू देत नव्हते, आणि तासाभराच्या अंतरावरील गावांत मात्र पारावरच्या मंडळींचा टॉवेल खांद्यावरून तोंडावर येत नव्हता. ‘खेड्यातले लोक ऐकत नाहीत’ हे नेहमीचे उत्तर मला पटत नाही. याची खरी कारणे काय असावीत?

शाहूपुरी
दंडापेक्षा सवय आणि समोरासमोरची विचारणा यांचा प्रभाव अधिक असतो, असे माझे मत आहे. जपानमध्ये दंडाची तरतूद नसतानाही मास्क जवळपास सर्वांच्या तोंडावर होता, कारण सर्दीत आणि वसंतातील परागकणांच्या त्रासात तो लावण्याची रीत तेथे आधीपासून होती. जेथे अशी रीत नाही तेथे काय करता येते, हे बांगलादेशातील ६०० गावांत झालेल्या प्रयोगातून दिसते. निवडक गावांत घरोघरी मोफत मास्क वाटले, इमामांसारख्या मान्यवरांनी ते स्वतः लावले आणि रस्त्यावर विनामास्क दिसणाऱ्याला कोणीतरी थांबवून विचारले, तेव्हा योग्य वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. मोबाइलवरील संदेश किंवा गावाला बक्षीस यांची जोड देऊन त्यात विशेष भर पडली नाही, ही गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. लक्ष्मीपुरीत विचारणारा दुकानदार दारातच उभा होता. पारावर तसे कोणी नव्हते.

भोगावतीकाठ
पारावर वारा खेळता असतो आणि भर उन्हात ऊस तोडताना मास्क लावून श्वास पुरत नाही, हेही ध्यानात घ्यावे. शिवाय पहिल्या काही महिन्यांत अनेक गावांत रुग्णच नव्हते, मग भीती कोठून येणार? जून २०२१ मध्ये मुंबईतील लाट ओसरली तरी आपल्या जिल्ह्यातील ओसरेना, तेव्हा तीच माणसे कोणी न सांगता तोंड झाकू लागली.

शाहूपुरी
शेताबाबत आपले म्हणणे मान्य आहे. परंतु तीच मंडळी सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेच्या अरुंद खोलीत रांगेला उभी राहत होती आणि खरा प्रश्न त्या खोलीचा होता. आमच्याकडे संस्थेच्या सचिवांनी मास्कशिवाय दूध मोजून घेण्यास नकार दिला, तेव्हा थोडी कुरकुर झाली. मात्र दूध घरी परत नेणे कोणालाच परवडणारे नसल्याने रांगेतील तोंडे लवकरच झाकली गेली.