टोपी निळी, पण टायर ज्याचा त्याचा
शांतिसेनेला गाड्या-बंदुका संयुक्त राष्ट्रंच देतात, म्हणून सगळ्यांकडे सारखंच सामान असतं, असं वर एकाने लिहिलंय. तसं नाही भाऊ. तुकडीचं बहुतेक सामान ज्या त्या देशाने घरूनच न्यायचं, यूएन त्याचं भाडं देतं. 'वेट लीज' प्रकारचा भाडेकरार असेल तर दुरुस्ती आणि सुटे भागही त्या देशानेच बघायचे, त्यासाठी यूएनकडून मिळणारा महिन्याचा दर ठरलेला. 'ड्राय लीज'मध्ये दुरुस्ती यूएनकडे. तपासणीत गाड्या बंद सापडल्या की पैसे कापले जातात. त्यामुळे आदल्या रात्री वर्कशॉपमध्ये पोळ्याची धांदल, फक्त बैलांच्या जागी ट्रक!

मी पारोळ्याचा. काँगोत गोमाला वर्षभर मेकॅनिक होतो. तिथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने आणि आपल्या गाड्यांचं स्टिअरिंगही उजवीकडेच. ओव्हरटेक करायचं तर ड्रायव्हरला समोरचं दिसेना, मग शेजारचा जवान खिडकीतून मुंडकं काढून 'चल' म्हणायचा. त्यात तिथले रस्ते 2002 च्या ज्वालामुखीच्या काळ्या लाव्ह्यावरचे, टायर ब्लेडने चिरल्यासारखे फाटायचे. एकदा भारताच्या शेजारच्या देशाच्या तुकडीकडे टायर मागायला गेलो. माणसं भली, लगेच काढून दिला, पण रिमचं मापच वेगळं. परत नेऊन दिला, चहा पिऊन आलो.

वायरलेसचं तर विचारूच नका. दुसऱ्या तुकड्यांशी इंग्रजी, आपल्यात हिंदी. धुळ्याचा एक ऑपरेटर होता, त्याच्याशी एकदा अहिराणीत बोललो तर आमचेच सुभेदारसाहेब विचारतात, "हे कोणत्या देशाचं स्टेशन घुसलं रे मध्ये?"