वर्कशॉपच्या पाटीला जाड, चौकोनी, गोल कोपऱ्यांची अक्षरं मराठीत मिळतील का?

लेथवाला_उद्यमनगर
कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं लेथवर टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांच्या वेळची रंगवलेली पत्र्याची पाटी पार गंजली, म्हणून आठ बाय दोन फुटांची नवीन करतोय. इंग्रजी नाव जाड, चौकोनी, पण कोपरे गोल असलेल्या अक्षरांत केलंय. मशीनिंग करून काढल्यासारखं दिसतं, लई आवडलंय. मराठी नावाला मात्र छपाईवाल्यानं साधा फॉन्ट घेऊन बाहेरून रेघ मारून फुगवलाय. नावातल्या 'ष'चा नुसता गोळा झालाय. तोच घाट मराठीत मिळेल काय?

ब्रश_ते_राउटर
दादा, तीस वर्षं ब्रशनं पाट्या रंगवल्या, आता राउटर मशीनवर अक्षरं कापतो. फुगवलेला फॉन्ट आधी काढून टाका. रेघ बाहेर वाढते तशी आतही वाढते, मग 'ष', 'क्ष', 'ध' यांची पोटं बुजतात. जाड अक्षर काढणारा रेघा जिथं मिळतात तिथं हात बारीक करतो. म्हणून मुळात जाड काढलेलाच घ्यायचा. इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचे 'राजधानी' आणि 'टेको' बघा. दोन्हीत देवनागरी आहे, फुकट आहेत, धंद्याला चालतात. राजधानीची ठेवण चौकोनी, कोपरे किंचित गोल. तुम्हाला हवं ते हेच.

आणखी एक, तुम्ही टर्नर म्हणून सांगतो. 6 मिमीचा कटर आतल्या कोपऱ्यात 3 मिमीची गोलाई सोडतोच. धारदार कोपऱ्याच्या अक्षरात ती चूक दिसते, फाइल मारत बसावं लागतं. या अक्षरात ती मुळातच आहे. अॅक्रिलिकसुद्धा गोल कोपऱ्यातनं सहसा तडकत नाही.

अक्षरवेडी
अशा चौकोनी, गोल कोपऱ्यांच्या अक्षरांच्या घराण्याचं मूळ इटलीत, ट्युरिनच्या नेबिओलो फाउंड्रीत. आपल्याकडच्या फाउंड्रीत यंत्राचे भाग ओततात, तिथं छपाईचे खिळे ओतायचे. 1952 साली बुत्ती आणि नोव्हारेझे या तिथल्या अक्षरकारांनी 'मायक्रोग्रामा' काढला, त्यात फक्त मोठी (कॅपिटल) अक्षरं होती. 1962 मध्ये नोव्हारेझेंनी 'युरोस्टाइल'मध्ये छोटी अक्षरंही दिली. चौकोन आणि वर्तुळ यांच्या मधला तो आकार, जुन्या टीव्हीच्या काचेसारखा.

फोन नंबर मात्र या अक्षरांत नको. 0, 6, 8, 9 सगळ्यांचा घेर सारखाच, लांबून गफलत होते. तो साध्या फॉन्टमध्ये घ्या. आणि दुकानं-आस्थापनांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनुसार पाटीवरची मराठी अक्षरं इंग्रजीपेक्षा लहान चालत नाहीत, तेव्हा मापं आधी मराठीची ठरवा.

लेथवाला_उद्यमनगर
मामा, ताई, आभारी आहे. सोमवारी वर्कशॉप बंद असतं, तेव्हा राजधानी सगळ्यात जाड घेऊन कागदावर छापला, तुकडे जोडून शटरवर चिकटवला. समोरच्या चहाच्या गाड्यापासून 'ष'चं पोट स्वच्छ उघडं दिसतंय. वडिलांनी मात्र लगेच दाखवलं, दोन अक्षरं एकमेकांना घासतायत. तेवढं अंतर वाढवतो आणि कटिंगला देतो.

ब्रश_ते_राउटर
अंतर वाढवताना शिरोरेघ तुटू देऊ नका. फाइल पाठवा, कापण्याआधी एकदा बघतो.