जुन्या ब्रिटिश खूनकथा, नवं हार्डकव्हर: तुमचे अनुभव लिहा

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या इंग्लिश डिटेक्टिव्ह कादंबऱ्या हार्डकव्हर रीप्रिंटमधे जमवणाऱ्यांसाठी हा धागा. काय बघून घेता, कुठे ठेवता, घरचे काय बोलतात, सगळं येऊद्या.

सुरुवात मीच करते. मी फॅक्सिमिलीवाली, म्हणजे जुन्या आवृत्तीची हुबेहूब नक्कल जमवणारी. हार्परकॉलिन्सने अगाथा ख्रिस्तीबाईंच्या कादंबऱ्या पहिल्या आवृत्तीच्या जॅकेटसकट (वरचं सुटं कागदी वेष्टन) परत काढल्यात, त्यातलं 1930 चं 'मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज' (त्यांच्या गुप्तहेर म्हातारीची, मिस मार्पलची पहिली कादंबरी) माझं लाडकं. ओरिजनल आपल्या बापजन्मी परवडणार नाही, कारण तिथे खरे पैसे जॅकेटचे असतात, तेव्हा लोक तो कागद सरळ फेकून द्यायचे म्हणून आता तो दुर्मिळ. आमचे अहो म्हणतात कव्हरसाठी पुस्तक घेणारी तू एकटीच. बरं मग?

लेस्टरकर: इथे चॅरिटी शॉप्समधे जुनी हार्डकव्हर बरीच दिसतात पण त्यात बुक क्लबच्या, म्हणजे वर्गणीदार सभासदांसाठी काढलेल्या आवृत्त्या खूप, कागद हलका आणि जॅकेटच्या आतल्या घडीवर किंमत नसते, तिथे बोट फिरवून बघायचं. आणि एक, कॉलिन्सचा 'क्राइम क्लब' हा तसला क्लब नव्हे हां. 1930 ते 1994 चाललेली ती प्रकाशनमालिका, वर्गणीबिर्गणी काही नाही, नाव नोंदवलं की फुकट पत्रक यायचं, पुस्तक आपलं आपण दुकानातून घ्यायचं. जॅकेट नसलेली प्रत मी तरी घेते बाई, वाचायचीच तर आहे.

बंद_खोली: माझा जीव 'डिटेक्टिव्ह स्टोरी क्लब'वर. कॉलिन्सची 1929 ची स्वस्त मालिका, ती 2015 पासून छोट्या सुबक हार्डकव्हरमधे परत आली. त्यातली झँगविलची 'बिग बो मिस्ट्री' घ्याच, 1891 मधे लंडनच्या 'स्टार' पेपरात क्रमशः आलेली, आतून बंद खोलीत गळा चिरलेला माणूस आणि हत्यार गायब, इतक्या आधीचं असून काय डोकं लावलंय! फक्त कुठल्याही रीप्रिंटची प्रस्तावना शेवटी वाचा. विद्वान लोकांना खुनी कोण हे सांगून टाकायची फार घाई असते.

डोंबिवली_फास्ट: तुमचं ठीक आहे लेस्टरताई, तुमच्याकडे आमच्यासारखा पावसाळा नाही. इथे जुलैत कपाट उघडलं की कुबट वास आणि पानांवर तपकिरी ठिपके. मी पुस्तकं भिंतीला टेकवत नाही, मागे चार बोटं जागा सोडतो, दाटीवाटीने कोंबत नाही आणि ऊन पडलं की दारं उघडी टाकतो. प्लास्टिकमधे गच्च गुंडाळू नका, ओल आतच राहते. डांबरगोळ्यांचा वास मात्र जॅकेटला असा बसतो की ख्रिस्तीबाईंचा डिटेक्टिव्ह प्वारो पण शिंकेल.

पेपरबॅकवाला: रागावू नका पण हार्डकव्हरच्या नादात ब्रिटिश लायब्ररीची जुन्या खूनकथांच्या रीप्रिंटची मालिका सोडू नका, ती बहुतेक पेपरबॅकच आहे. 'डिव्हिजन बेल मिस्ट्री' बघा, 1932 ची, पार्लमेंटच्या इमारतीतच मृत्यू. लिहिणारी एलन विल्किन्सन स्वतः लेबरची खासदार, पुढे शिक्षणमंत्री झाली. आतल्या माणसाने लिहिलंय हे पानापानावर कळतं. हे दणकट बांधणीत कुठे मिळत असेल तर सांगा, मी पक्ष बदलायला तयार आहे.

लेस्टरकर: @पेपरबॅकवाला, दिसलं तर आधी मी घेणार, मग सांगणार :)